समोरच्यांचा किल्ला

(गेल्या वर्षी कोजागिरीच्या रात्री मंडळाच्या मेळाव्यात केलेलं भाषण. बऱ्याच सभासदांनी मागितलं म्हणून स्मरणिकेसाठी लिहून दिलं आहे.)



दूध अजून आटायचं आहे, तोवर बोला, असं मला सांगण्यात आलंय. म्हणजे माझं भाषण किती लांबवायचं हे पातेलं ठरवणार. चालेल.

दिवाळी दोन आठवड्यांवर आली आहे. आपल्या मंडळाची किल्ले स्पर्धा जाहीर झाली आहे आणि दरवर्षीप्रमाणे नावं देणारे कमी आहेत. म्हणून मी आज किल्ल्यांवर बोलणार आहे. पण इतिहासातल्या किल्ल्यांवर कमी आणि अंगणातल्या किल्ल्यांवर जास्त. आणि त्याहूनही जास्त बोलणार आहे ते समोरच्यांवर.

तुमच्यापैकी पुष्कळांना ठाऊक आहे, माझं लहानपण सुरंगीत गेलं. वडील मराठी शाळेत शिक्षक. खोल्यांच्या दोन ओळी समोरासमोर, मध्ये अंगण. तेव्हा सुरंगीहून सिल्वासाला यायचं म्हणजे आम्हाला मुंबईला गेल्यासारखं वाटायचं. दिवाळी आली की मी अंगणात दगड रचायचो, वर माती थापायचो, जिन्यासारख्या पायऱ्या काढायचो आणि त्याला किल्ला म्हणायचो. आई म्हणायची, छान आहे. वडील म्हणायचे, छान आहे. मलाही तो छानच वाटायचा.

मी पाचवीत असताना समोरच्या ओळीत साताऱ्याकडचं एक कुटुंब राहायला आलं. त्यांचा मुलगा माझ्याच वर्गात. त्या दिवाळीत त्यानंही किल्ला केला. त्याने खाली विटा रचल्या, त्यावर चिखलात बुडवलेलं गोणपाट पसरलं, मग हाताने चिमटे काढत काढत कडे, घळी, सोंडा उठवल्या. त्यावर अळीव पेरले. वसुबारसेला त्याचा डोंगर हिरवागार. आणि माझा? वारुळासारखा.

त्या रात्री मी जेवलो नाही, असं आई पुढे बरीच वर्षं सांगायची. मला एवढंच आठवतं, की दुसऱ्या दिवशी मी किराणा दुकानदाराकडे रिकामी पोती मागायला गेलो होतो.

तिथून आमची चुरस सुरू झाली. आम्ही त्यांना 'समोरचे' म्हणायचो. त्यांच्या घरी आम्हाला काय म्हणत होते ते पुढे कळलं. तेही आम्हाला 'समोरचे'च म्हणायचे.

दुसऱ्या वर्षी मी गोणपाट वापरलं, तर समोरच्यांकडे तळं आलं, तळाला आरशाचा तुकडा लावलेलं. तिसऱ्या वर्षी मी दवाखान्यातून सलाइनची रिकामी बाटली आणि नळी मिळवली, बाटली खिडकीच्या गजाला उंच टांगली आणि किल्ल्यावर कारंजं उडवलं. सगळी ओळ बघायला आली. समोरचा पण आला. हाताची घडी घालून त्याने पाहिलं आणि विचारलं, "एवढ्या उंचावर पाणी कुठून आलं? टाकं कुठाय?"

कारंजं बघून सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या. टाक्याचं फक्त त्यालाच सुचलं. मी चिडलो. पण रात्री वडिलांना विचारलं, आणि त्या रात्री मला पहिल्यांदा कळलं की गडावर खडकात टाकी खोदायचे, त्यात पावसाचं पाणी साठवायचे, आणि पाणी नसेल तर कितीही उंच गड वेढ्यात टिकायचा नाही. शाळेच्या पुस्तकातही ते असणार. पण पुस्तक माझी जिरवत नव्हतं, समोरचा जिरवत होता.

मग मीही कसर काढली. त्याने पुढच्या वर्षी राजगड केला. नुसता डोंगर नव्हे, तर पद्मावती, सुवेळा, संजीवनी अशा तिन्ही माच्या आणि मध्ये बालेकिल्ला. मी मान्य करतो, सुंदर होता. पण दरवाजा त्याने सरळ समोर काढला होता, आपल्या घराच्या दारासारखा. मी तोवर रायगडाच्या महादरवाजाबद्दल वाचून ठेवलं होतं. दोन बुरुजांच्या कुशीत वळणावर दडवलेला दरवाजा, गोमुखी म्हणतात ती रचना. शत्रू अगदी जवळ येईपर्यंत दरवाजा दिसतच नाही, आणि दिसला तरी धावत येऊन धडक मारायला सरळ वाट नाही. मी त्याला म्हणालो, "तुझा दरवाजा माझ्या ओट्यावरून दिसतो. तोफेचा पहिला गोळा आत." तो काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतो, तर दरवाजा वळवलेला होता.

मागच्या पाड्यावरचा एक वारली मुलगा आमच्या वर्गात होता. तो दोन्ही किल्ले बघायला यायचा. एकदा त्याने विचारलं, गडाखाली गाव का नाही? गडावरची माणसं खातात काय? आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो. मग त्यानेच कारवीच्या काड्या आणल्या, त्यांचे कूड विणले, शेणमातीने लिंपले, वर गवत शाकारलं, गेरू लावून तांदळाच्या पिठाने भिंतींवर चित्रं काढली. माझ्या किल्ल्याखाली चार झोपड्या, समोरच्याच्या खाली पाच. एक जास्त का, म्हणून मी त्याच्याशी भांडलो. तेव्हापासून पायथ्याच्या गावासाठीही चुरस लागली. विहीर, खळं, बैलगाडी असं वाढतच गेलं.

मावळे इथे मिळायचे नाहीत. नाशिकहून मामा आणायचा, वर्तमानपत्रात गुंडाळून. वापीला गाडीतून उतरेपर्यंत दोन-तीन मावळ्यांची मुंडकी उडालेली असायची. ते आम्ही धारातीर्थी पडलेले म्हणून खिंडीत आडवे ठेवायचो. भाजीवाली, पोलीस, क्रिकेटवाले सुद्धा गडावर असायचे. समोरच्याकडे एक हेलिकॉप्टर होतं, ते शिवकालात कसं, यावर आमचं दोन दिवस बोलणं बंद होतं.

भाऊबीजेच्या दुपारी लढाई. अंगणाच्या मध्ये रेघ मारायची, पाच पावलं मागे उभं राहायचं आणि गोट्या टिचकीने उडवून समोरच्याचे मावळे पाडायचे. पहिल्या वर्षी लढाई कमी आणि भांडण जास्त झालं. मावळा पडला पण भिंतीला टेकून राहिला, तर तो मेला की जिवंत? एकाच गोटीने दोन पडले तर? घरंगळत आलेली गोटी धरायची का? प्रत्येक भांडणातून एक नियम निघाला. ते आम्ही गणिताच्या वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवले. टेकलेला मावळा जिवंत, हा पहिला नियम. भाजीवालीला मारायचं नाही, हा दुसरा. संध्याकाळी उरलेला किल्ला सुतळी बॉम्ब लावून उडवायचा, ही मात्र दोन्ही घरांची एकमताने ठरलेली प्रथा.

पुढे कॉलेजात असताना एका पुस्तकाची माहिती वाचली आणि मी एकटाच हसत सुटलो. एच. जी. वेल्स हा इंग्रज लेखक, 'द टाइम मशीन'वाला, तुम्हाला माहीत असेल. त्याने 1913 साली 'लिटल वॉर्स' नावाचं पुस्तक लिहिलं. विषय काय, तर जमिनीवर शिशाचे सैनिक मांडून लढाई कशी खेळावी. त्याची सुरुवात अशी, की स्प्रिंगची एक खेळण्यातली तोफ होती, आणि जेवणानंतर एका मित्राने तिने सैनिकावर नेम धरला. सैनिक पडला. मग काय, दुसऱ्याला राहवेना. मग नियम, मग डोंगर, घरं, झाडं. मोठी नावाजलेली माणसं गुडघ्यांवर बसून खेळत होती. खऱ्या युद्धापेक्षा हे छोटं युद्ध केव्हाही बरं, असंही त्याने त्यात लिहून ठेवलंय. दुर्दैव असं, की पुढच्याच वर्षी पहिलं महायुद्ध सुरू झालं.

त्याच्याही आधी, 1824 च्या सुमारास, प्रशियाच्या सैन्यात अधिकारी नकाशावर ठोकळे मांडून लढाईचा सराव करत. आज युरोप-अमेरिकेत हा मोठ्या माणसांचा छंद आहे. इंचभर उंचीचे सैनिक आणायचे, बारीक कुंचल्याने पगडी, पट्टा, बटणं रंगवायची, फौज उभी करायला महिनोन्‌महिने लावायचे. गंमत म्हणजे यात आपले मराठेही आहेत. 23 सप्टेंबर 1803 ला आपल्या जालना जिल्ह्यात, भोकरदनजवळ असईला शिंदे-भोसल्यांची फौज आणि वेलस्ली यांची लढाई झाली, ती हे लोक टेबलावर मांडतात.

आता विचार करा. असईची लढाई मांडायची, तर एकाने वेलस्लीची फौज रंगवून भागत नाही. कुणीतरी शिंद्यांच्या तोफा रंगवायला लागतात. समोर बसणाराच नसेल, तर रंगवलेली फौज कपाटात शोभेला. म्हणून एकाने घोडदळ रंगवलं की दुसऱ्याला पायदळ काढावं लागतं, एकाने नदी केली की दुसऱ्याला तिचा उतार शोधावा लागतो. छंद दोघांचा असतो, तेव्हाच वाढतो. हे वाचलं तेव्हा मला आमचं अंगण आठवलं, आणि टाक्याचा प्रश्न आठवला.

आता एक गोष्ट सांगायची आहे. ती मी आजवर घरीही सांगितलेली नाही.

आम्ही आठवीत होतो. त्या वर्षी शाळेतले गुरुजी लक्ष्मीपूजनाच्या दिवशी किल्ले बघायला येऊन नंबर देणार होते. तोपर्यंत आम्हाला कुणी नंबर दिला नव्हता. समोरच्याचा राजगड त्या वर्षी असा झाला होता, की मला माझा किल्ला बघवेना. आदल्या रात्री सगळे झोपल्यावर मी उठलो, कळशीभर पाणी घेतलं आणि त्याच्या किल्ल्याच्या मागच्या बाजूला, गोणपाटाच्या खाली, हळूहळू ओतलं.

सकाळी सुवेळा माची खाली आलेली होती. त्याला वाटलं, घुशीने पोखरलं. तो रडला नाही. तो सरळ आमच्या दारात आला आणि म्हणाला, "तुझ्याकडे गोणपाट उरलंय का?"

मी गोणपाट दिलं. आणि दुपारपर्यंत त्याच्याबरोबर चिखलात बसून ती माची परत उभी केली. त्या कामात मला त्याच्या हातातली खुबी पहिल्यांदा जवळून दिसली. गोणपाट पसरण्याआधी तो विटांच्या फटीत कोरडं गवत कोंबायचा, म्हणजे वरची माती आत बसत नाही. चार वर्षं मी हे लांबून ओळखायचा प्रयत्न करत होतो. त्याने विचारल्याविना सांगितलं.

माची ओली होती, गुरुजी यायच्या वेळेला तिला तडे गेले. पहिला नंबर माझा आला. बक्षीस कंपासपेटी. ती मी दहावीपर्यंत वापरली आणि उघडताना दरवेळी ती माची डोळ्यांपुढे यायची.

हेवा आणि चुरस, हे दोन शब्द आपण एकाच अर्थाने वापरतो. मला त्यांतला फरक त्या कळशीने शिकवला. चार वर्षं मला त्याच्यापेक्षा चांगला किल्ला करायचा होता, त्या रात्री मला फक्त त्याचा पडायला हवा होता. आणि नीट आठवून पाहिलं, तर त्या वर्षी मी माझ्या किल्ल्यात नवीन काहीच केलं नव्हतं. लक्ष सगळं नंबराकडे होतं.

पुढच्या उन्हाळ्यात त्यांच्या वडिलांची बदली झाली. ती खोली रिकामी झाली. दिवाळीला मी दगड गोळा केले, विटा रचल्या, आणि तसंच टाकून दिलं. आईने विचारलं, किल्ला का नाही? मला उत्तर देता येईना. आज देता येतं. छान आहे म्हणणारे पुष्कळ होते. तुझा दरवाजा चुकलाय म्हणणारा एकच होता, तो गेला होता.

मित्रहो, आपल्या या भूमीला किल्ल्यांचं वावडं नाही. ज्यांच्या 'राजा शिवछत्रपती'ने आपल्या दोन पिढ्यांना गड दाखवले, ते बाबासाहेब पुरंदरे स्वतः इथल्या मुक्तिसंग्रामात होते. सुधीर फडके होते. 2 ऑगस्ट 1954 ला सिल्वासा मुक्त झालं, त्यात ही मंडळी होती. आपल्या मुलांना हे सांगायला किल्ल्याइतकं चांगलं निमित्त नाही. 11 जुलै 2025 ला युनेस्कोने आपले 12 किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले, साल्हेरपासून तमिळनाडूतल्या जिंजीपर्यंत. त्या यादीत खांदेरी आहे. त्या खांदेरीची गोष्ट आज मुद्दाम सांगतो.

मुंबईच्या दक्षिणेला, थळच्या समोर समुद्रात दोन बेटं आहेत, खांदेरी आणि उंदेरी. 1679 साली शिवाजी महाराजांनी खांदेरीवर बांधकाम सुरू केलं. मुंबईचे इंग्रज आणि जंजिऱ्याचा सिद्दी दोघंही अस्वस्थ झाले. समुद्रात चकमकी झाल्या, पण खांदेरी उभी राहिली. तेव्हा सिद्दीने काय करावं? 1680 च्या सुरुवातीला तो शेजारच्या उंदेरीवर जाऊन बसला आणि तिथे तटबंदी उभी केली. जंजिऱ्याचंही तेच. जंजिरा हाती येईना, म्हणून महाराजांनी त्याच्यासमोर पद्मदुर्ग बांधला. ते खरं वैर होतं, त्यात माणसं मेली. आपल्या अंगणातल्या चुरशीशी त्याची बरोबरी नाही. पण एवढं खरं, की समोर जंजिरा नसता तर पद्मदुर्ग उभा राहिला नसता.

आता आपल्या स्पर्धेकडे येतो. गेल्या वर्षी चार किल्ले आले. त्यांतले दोन बाजारातले तयार, प्लास्टरचे. एक मुलांनी केलेला. आणि एक थर्माकोलचा, अगदी मापात कापलेला, दिव्यांसकट, तो एका बापाने केलेला होता. मुलगी शेजारी बसून मोबाइल बघत होती. नाव घेत नाही. तो बाप मीच होतो. नंबराचं वेड एकदा कळशी घेऊन आलं होतं, या वेळी कटर घेऊन आलं.

म्हणून माझी सूचना अशी आहे. पहिला-दुसरा-तिसरा हे या वर्षी बंद करूया. जोड्या लावूया. एक इमारत आणि तिच्या समोरची इमारत. एकीने खांदेरी करायची, दुसरीने उंदेरी. उंदेरी कुणालाच नको असणार, हे मला ठाऊक आहे. सिद्दीच्या बाजूने कोण बसणार? पण कुणीतरी बसल्याशिवाय खांदेरीच्या तोफा डागायच्या कुणावर? तेव्हा चिठ्ठ्या टाकू, आणि पुढच्या वर्षी बाजू बदलू. माती मुलांनी आणायची, आयांनी अळीव द्यायचे, बापांनी लांब राहायचं. भाऊबीजेला प्रत्येक गटाने समोरच्यांचा किल्ला बघायला जायचं, तिथे फराळ करायचा, आणि दोनच गोष्टी सांगायच्या. एक, तुमच्या किल्ल्यातलं काय आम्ही पुढच्या वर्षी उचलणार. दुसरी, तुमचा किल्ला आम्ही कुठून घेऊ. दुसरी नीट सांगता यावी म्हणून तरी मुलं पुस्तक उघडतील.

पार्किंगमध्ये फरशी आहे, माती कुठे टाकायची, असं सोसायटीचे चिटणीस विचारतील. ताडपत्री मी देतो. आणि धुवायलाही मी येतो. कळशीचं काम मला जमतं.

साताऱ्याच्या मित्राचा आजही दर वसुबारसेला फोन येतो. नमस्कार-चमत्कार नाही, एकच प्रश्न, "माती आणली का?" गेली कित्येक वर्षं मी काहीतरी सांगून वेळ मारून नेतोय. आणली, असं या वर्षी सांगायचं आहे. आणि ते सांगून झाल्यावर त्या घुशीबद्दलही सांगायचं आहे. तुमच्यासमोर बोललोय, त्यामुळे आता मागे फिरता येणार नाही.

पातेलं खाली उतरलेलं दिसतंय. चंद्रही वर आलाय. जोड्यांची यादी दाराशी टेबलावर ठेवली आहे. दूध घेताना नाव लिहा, आणि समोरच्यांचंही लिहा.